डावीकडे, मागे कुठेतरी

नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
मला मिळाले सहा.
सातव्या दिवशी लॉक फाइनच्या पाण्याकाठाने येताना,
जिथे रस्ता कमी आणि ठिगळंच जास्त,
ती बोलली.

मोठ्याने नाही.
दुसऱ्या खोलीत कुणी
चमचा बशीत ठेवावा, उचलावा, पुन्हा ठेवावा
तसं.
टिक. टिकटिक. मग चांगला मैलभर काहीच नाही,
आणि मी श्वास सोडला रे सोडला की
टिक.

एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढली मी,
गूरॉक ते डनून, डनून ते गूरॉक.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटून सांगायचे:
हे आठवडा काढेल, ते नाही काढणार.
तिथे आवाज म्हणजे तक्रार, तक्रार म्हणजे पाना,
पाना फिरला की गप्प.

आणि आता निवृत्तीच्या पैशांतून ही,
दोन दारांची, दोन माणसांची, पिकल्या ब्लॅकबेरीच्या रंगाची.
बहीण म्हणाली, एफी, या वयात?
म्हटलं, याच वयात. आधी पैसे कुठे होते?
चढाला लागली की इंजिन असं गुरगुरतं
की तोंडाला पाणी सुटावं,
आणि आत खुळखुळा.
उथळ पाण्याला खळखळाट, ठाऊक आहे मला,
पण इतके पैसे मोजलेल्या पाण्याला?

काय नाही केलं.
ग्लव्हबॉक्स रिकामा केला, चष्म्याचं घर घरी ठेवलं,
दाराच्या खाचेत फेल्टची पट्टी,
छताच्या कडेला दुमडलेलं पोस्टकार्ड,
स्पीकरच्या जाळीवर अंगठा दाबून चाळीस मैल.
पोलिसांनी हटकलं असतं तर काय सांगणार होते?

शोरूमचा लॅकलन. गुणी पोर.
शेजारी बसला, डोळे मिटले,
गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा
डॅशबोर्डवर हात ठेवला.
त्याच रस्त्याने नेलं त्याला, त्याच ठिगळांवरून.
गाडी चर्चमध्ये बसवलेल्या पोरासारखी शहाणी.
“मिस गिलक्राइस्ट, मला तर काही...”
त्याला सोडून फाटकाबाहेर वळले: टिक.

तीनदा गेले. तीनदा कागदावर लिहून मिळालं,
आवाज आढळला नाही.
चौथ्यांदा म्हणाला, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा.
पुन्हा मुकी.
तेव्हा कुठे, एकटी परतताना, डोक्यात प्रकाश पडला.
दोघं असलो की वाजत नाही.
डावी सीट रिकामी असली की तिच्या पट्ट्याचं बकल
खांबाच्या प्लास्टिकवर डोकं आपटतं.
एवढंच.

आता तुम्ही म्हणाल
(बहीण म्हणालीच, रुमालही शोधू लागली)
की बघ, रिकामी जागा बोलते आहे.
नाही. रिकामी जागा बोलत नाही.
साठ वर्षं ओळखते मी तिला,
तिचं नि माझं बरं चाललंय.
बोलतं ते बकल. कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी
घाईत बसवलेलं.

मी दहा किलो बटाट्यांचं पोतं घेतलं,
शेजारी बसवलं, पट्टा बांधला.

पुढच्या खिंडीचं नावच आहे
विसावा घ्या आणि आभार माना.
घेतला. मानले: लॅकलनचे, बटाट्यांचे,
त्या स्क्रूड्रायव्हरचेही, जो या वेळी कामी आला नाही.
मग उतरणीला लागले. खाली ढग, बाजूला मेंढ्या,
रस्त्यावर चिटपाखरू नाही.
तिसरा गिअर, आणि ते इंजिन
पहिल्यांदाच अख्खं ऐकलं, सालीसकट.

आणि त्याच्याही आत,
उजवीकडे, पुढे, बहुधा घड्याळाच्या मागे,
एक बारीक
किर्र.

मी बटाट्यांकडे पाहिलं.
म्हटलं, ऐकलंत?